वेल घरची, काढा घरचा, तरी बाबांना कावीळ. वनौषधींना आपण औषध मानतो की नाही?

मानेवाड्याची लेक

आमच्या मागच्या अंगणात कडुलिंबावर गुळवेल चढली आहे. कोरोनाच्या पहिल्या वर्षी आईने हाताने लावलेली. मधे काढा सुटला होता, पण यंदा पावसाळ्यात गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले आणि बाबांनी पुन्हा सुरू केला. रात्री अंगठ्याएवढ्या चार कांड्या खलबत्त्यात ठेचायच्या, तांब्याभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी उकळून अर्ध्यावर आणायचं आणि उपाशीपोटी घ्यायचं. सात आठवडे एक दिवस खाडा नाही.

आधी जेवण तुटलं. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली, मग डोळे पिवळे. यकृताच्या तपासणीचे आकडे खूप चढलेले, बिलिरुबिन ११, एसजीपीटी हजाराच्या वर. हिपॅटायटिसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं, "दुसरं काही औषध घेता का?" बाबा तिन्ही वेळा "नाही" म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या लेखी काढा हे औषधच नव्हतं. चौथ्या वेळी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने प्रश्न बदलला, "काका, काढा, चूर्ण, झाडपाला काही?" बाबा म्हणाले, "तो तर रोजच घेतो."

काढा बंद झाला, काही आठवडे स्टिरॉइड चाललं आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट सरळ आले. नंतर वाचलं की २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेबद्दल लिहिलं होतं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. ज्यांचं यकृत आधीच नाजूक आहे किंवा ज्यांच्या प्रतिकारशक्तीचा रोख स्वतःच्याच यकृतावर वळू शकतो, अशांना जास्त धोका दिसला.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पण "याला साइड इफेक्ट नसतात" हे वाक्य मला आता घरात ऐकायचं नाही. जे शरीरावर काम करतं ते बिघडवूही शकतं. तुम्हाला काय वाटतं?

महालातले गुरुजी

ताई, बाबा बरे झाले हे वाचून जीव भांड्यात पडला. पण तुमचं म्हणणं मला मान्य नाही, आणि ते स्पष्ट सांगतो.

माझं वय ७२. आमच्या घरी पडसं-खोकल्याला अडुळसा, पोटाला ओवा-हिंग, उन्हाळ्यात वाळ्याचं पाणी, यावर चार पिढ्या निघाल्या. ४६ डिग्रीच्या नागपुरात गोळ्या खाऊन जगलो नाही आम्ही. कोरोनात लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि नोंद झाली ४३ जणांची. आयुष मंत्रालयानेही तेव्हाच सांगितलं होतं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल लोक चुकून घेत असतील. दवाखान्यातल्या गोळ्यांनी ज्यांची किडनी गेली त्यांच्यासाठी असा धागा कोण काढतं?

आणि हे विसरू नका की आपल्या हळदीवर अमेरिकेत १९९५ साली पेटंट घेतलं गेलं होतं. डॉ. माशेलकरांच्या काळात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ साली ते रद्द करवलं. आपल्या ज्ञानाची किंमत बाहेरच्यांना कळली होती. आपणच ते बदनाम करून राहिलो, याचं वाईट वाटतं.

मानेवाड्याची लेक

गुरुजी, हळदीचा खटला ते ज्ञान कोणाचं आहे यावर होता. ते कोणाला सोसतं आणि कोणाला नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. दोन्ही एकत्र करू नका, एवढीच विनंती.

वैद्य, सक्करदरा

मी पंधरा वर्षं प्रॅक्टिस करते. ताई, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण त्यांनी घेतला तो आयुर्वेद नव्हता. निदान नाही, काळाची मर्यादा नाही, आणि मात्रा अंगठ्याच्या मापाने. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात, गुळवेलीच्या काढ्याला दिवसाला २० ते ३० ग्रॅम दिले आहेत. ताज्या जाड कांड्या चार घेतल्या तर किती होतात ते काट्यावर टाकून बघा. चरकसंहितेतच सांगितलं आहे की नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधच विष होतं. म्हणजे "साइड इफेक्ट नाही" हे वाक्य आमच्या शास्त्राचं नाहीच, ते जाहिरातीचं आहे.

पण एकाच बाजूचे आकडे नकोत. औषधांमुळे यकृताला झालेल्या इजेची भारतातली मोठी नोंद २०२१ मध्ये छापून आली. त्यात जवळपास निम्मे रुग्ण टीबीच्या गोळ्यांचे होते. म्हणून कोणी टीबीच्या गोळ्या बंद करा म्हणत नाही.

फायद्याचं म्हणाल तर सर्पगंधा घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा तिचा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि तीन वर्षांनी त्याच मुळीतून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. इसबगोल तर आज एमडी डॉक्टरही लिहून देतात.

एक विचारते. वेलीच्या खोडावर बारीक फोडांसारखे उंचवटे आहेत का? फळं गोल आहेत की लांबट?

मानेवाड्याची लेक

आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. उंचवटे नाहीत. फळं वाटाण्याएवढी, गोल, पिकली की लाल, घोसाने येतात. म्हणजे वेल खरीच आहे ना?

आणि वैद्यताई, एक मनातलं बोलते. बाबांना बरं वाटलं असतं तर श्रेय आयुर्वेदाला गेलं असतं. बिघडलं तर तो आयुर्वेद नव्हता, मात्रा चुकली, वेल दुसरी होती. दर वेळी चूक घेणाऱ्याचीच कशी? त्याच नोंदीत १४ टक्के रुग्ण वनौषधी आणि तत्सम औषधांचे होते, तेही सांगा. टीबीच्या गोळीवाल्याला निदान यकृत तपासायला बोलावतात. बाबांना कोण बोलावणार होतं?

वैद्य, सक्करदरा

वर्णनावरून वेल खरी वाटते. तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला. रुग्ण माझ्याकडे आला तर मी बोलावते, पण अंगणातून घेणाऱ्याला कोणी नसतं. हे खरं आहे.

इतवारीचा पोट्टा

आमचं किराणा ओळीत जडीबुटीचं दुकान, आजोबापासूनचं. दोन गोष्टी सांगतो, कोणाची बाजू न घेता.

पहिली म्हणजे पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. अशोकाची साल म्हणून शाळेच्या कुंपणाला असतो त्या उंच सरळ झाडाची साल बाजारात फिरते. तो अशोक वेगळा, औषधाचा सीता-अशोक वेगळा. सफेद मुसळीत शतावरीच्या जातीची मुळं मिसळतात, सोलून वाळवली की सारखीच दिसतात. मी दाताखाली धरून ओळखतो, पण चूर्ण करून आणलं तर माझा बापही ओळखू शकत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, अख्खी घ्या, घरी कुटा.

दुसरं असं का पहिले लोक वैद्याची चिठ्ठी घेऊन यायचे. "अमुक दोन तोळे, तमुक एक तोळा, सात दिवस." आता मोबाईल समोर धरतात. "हे द्या, शुगर उतरते म्हणे." किती दिवस घेणार विचारलं तं म्हणतात, कायमचं. मी काय बोलू?

हिंगण्याचा फार्मासिस्ट

पोट्ट्याने मुद्द्याचं सांगितलं. मी औषध कंपनीत गुणवत्ता तपासणी बघतो, त्यामुळे कायद्याची बाजू.

औषध नियमांत ई-१ नावाची विषारी द्रव्यांची यादी आहे. बिब्बा, बचनाग, कुचला, धोतरा, गुंज, पारा, हरताळ, सगळं त्यात येतं. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असं लेबलवर छापावंच लागतं. आणि १९५४ च्या कायद्याने मधुमेह बरा करण्याची जाहिरात करताच येत नाही. तरी ती रोज आपल्या डोळ्यांसमोर येते.

धातूंचं सांगतो. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर मिळणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

महालातले गुरुजी

धातू विधिवत भाजून केलेलं भस्म म्हणजे कच्चा धातू नव्हे! वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र, या परीक्षा काय उगाच आहेत?

हिंगण्याचा फार्मासिस्ट

उगाच नाहीत गुरुजी. मी स्वतः करून पाहिल्या आहेत. चिमूटभर भस्म पाण्यावर सोडलं की तरंगतं. बोटांत चोळलं की कातडीच्या रेघांत जाऊन बसतं, पुसलं तरी निघत नाही. इतकं बारीक काम हाताने आणि पुटाने, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजून, साधणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यातून भस्म किती बारीक झालं ते कळतं. रक्तात शिसं किती गेलं ते रक्त तपासूनच कळतं. दोन्ही करा, एवढंच म्हणतो.

सर्पगंधेबद्दलही पुढचं सांगायला हवं. रिसर्पिनने काहींना नैराश्य येतं हे कळलं, कारण कोणीतरी रुग्णांची नोंद ठेवली. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी सरकारी यंत्रणा आपल्याकडेही आहे. वैद्यताई, तुम्ही आजवर किती अर्ज भरले?

वैद्य, सक्करदरा

एकही नाही. आमच्यात अशी भावना आहे की अर्ज भरला म्हणजे आपल्याच शास्त्राविरुद्ध साक्ष दिली. मानेवाड्याच्या ताई, बाबांचे कागद घेऊन याल का? पहिला त्यांचाच भरते.

मानेवाड्याची लेक

येते. शनिवारी बाबांनाच घेऊन येते.

नर्सबाई, कामठी रोड

मी वीस वर्षं वॉर्डात आहे. मला काढ्यापेक्षा दोन गोष्टींची जास्त भीती वाटते.

आपल्या विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, पोरं घरोघरी आहेत. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड, रोजचं. मग कोणी सांगतं, अमुक गावी जडी देतात, मुळापासून जातं, पण दवाखान्याच्या गोळ्या बंद करा. जडीने काही झालं नाही तरी गोळ्या बंद झाल्याने पोरगं क्रायसिसमध्ये, म्हणजे असह्य दुखण्याच्या झटक्यात, येतं. हातपाय धरून ओरडतं. ती माय माझ्याकडे बघते आणि मला तिला रागावताही येत नाही, कारण तिनं दागिने मोडून ती जडी आणलेली असते.

दुसरं, सांधेदुखीची पुडी. दोन दिवसांत दुखणं पळालं, चेहरा गोल झाला, शुगर चढली, तर त्यात जडीबुटी कमी आणि स्टिरॉइड जास्त असण्याची शंका घ्या. ती पुडी एकदम बंदही करू नका, डॉक्टरकडे घेऊन जा. एकदम सोडल्याने बीपी कोसळून आलेले पेशंट मी पाहिले आहेत.

महालातले गुरुजी

नर्सबाई, असली पुडी विकणारे आयुर्वेदाचे शत्रू आहेत. त्यांना मी कधीच पाठीशी घालणार नाही.

काल रात्री आई आठवली. थंडीत टाचा भेगाळल्या की ती शेजारणीला बिब्ब्याचं तेल लावून द्यायची, पण स्वतः बिब्ब्याला हात लावत नसे. तिला बिब्बा उतायचा. अंगभर फोड यायचे, खाजेने रात्र काढायची, मग खोबरं उगाळून लावायचं. एका घरात एकीला औषध आणि दुसरीला फोड. "उतणे" हा शब्दच आपल्या बायकांनी त्यासाठी घडवला. म्हणजे सगळ्यांना सगळं सोसत नाही, हे त्यांना कोणत्याही रिपोर्टाशिवाय माहीत होतं. एवढं मी मान्य करतो. पण तेवढ्यासाठी घरचा औषधी डबा फेकून द्या म्हणाल, तर नाही.

मानेवाड्याची लेक

कोण म्हणतंय फेका? डब्यात काय आहे ते डॉक्टरांना सांगा, एवढंच म्हणते. तुम्ही रोज काय घेता गुरुजी?

महालातले गुरुजी

सकाळी त्रिफळा. आणि शाळेत ३४ वर्षं ओरडून घसा गेला, म्हणून दिवसभर ज्येष्ठमध चघळतो. बोटभर काड्या तीन-चार होतात. बीपीच्या दोन गोळ्या आहेत, पहिले एकच होती.

हिंगण्याचा फार्मासिस्ट

गुरुजी, ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतला तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ही जुनी, पक्की माहिती आहे. दुसरी गोळी लागली तेव्हा डॉक्टरांना ज्येष्ठमधाचं सांगितलं होतं का?

महालातले गुरुजी

नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मला ते औषध वाटलं नाही.

वैद्य, सक्करदरा

उद्याच जा. गोळी स्वतःहून कमी करू नका, पोटॅशियम तपासून घ्या. घशाला दुसरं काही देता येईल, ते आपण नंतर बघू.

महालातले गुरुजी

चार दिवसांनी लिहितो आहे. बीपी १६८ वर ९४. पोटॅशियम ३.१. डॉक्टरांनी काडी हातात घेऊन बघितली, वास घेतला आणि महिनाभर बंद करायला सांगितली. पोटॅशियमचं औषध दिलं, बीपीच्या गोळ्या तशाच ठेवल्या. त्रिफळ्याला ना नाही म्हणाले. काड्या पितळी डब्यात झाकून ठेवल्या आहेत. महिन्याने पुन्हा मोजलं की आकडा इथेच लिहीन, कमी आला तरी आणि नाही आला तरी.