लायसनची तारीख: खेड्यातून आरटीओपर्यंतचे तुमचे अनुभव लिहा

माझी भाची यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून रोज अकरा किलोमीटर कॉलेजला जाते. सकाळची एसटी एकच. ती चुकली की त्या दिवसाचं कॉलेज बुडालं. यंदा बहिणीनं सोयाबीनच्या पैशातून तिला जुनी स्कूटी घेऊन दिली, तेव्हा मी अडून बसले : आधी लायसन, मग चावी. लायसनशिवाय सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड ५००० रुपये आहे. त्यातून अपघात झाला तर घर बसतं.

लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसन, २०२१ पासून आपल्याकडे घरबसल्या निघतं. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधार नंबर टाकायचा, ओटीपी घ्यायचा, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहायचा, १५ प्रश्नांतले ९ बरोबर आणायचे. पोरगी हुशार आहे, चिन्हं तिला तोंडपाठ होती. गाडं अडलं ओटीपीवर. आधारला जोडलेला नंबर तिच्या वडिलांचा. ते जाऊन चार वर्षं झाली, सिम केव्हाच बंद पडलेलं. नंबर बदलायला तालुक्याच्या आधार केंद्रात गेलो. पहिल्या दिवशी लाईट नव्हती, दुसऱ्या खेपेला काम झालं. बहिणीची दोन दिवसांची मजुरी बुडाली, तीही ऐन वेचणीत.

आता पर्मनंट लायसनच्या टेस्टची तारीख घ्यायची आहे. तुम्ही कशी घेतली, कुठं अडलात, सोबत काय न्यावं लागलं, सगळं लिहा. गावाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल.

आशाताई, बुलडाणा जिल्हा

ताई, मी आशा वर्कर. माह्याकडं एक गाव अन् दोन वाड्या आहेत. रात्री-बेरात्री बाईले दवाखान्यात न्यायची वेळ येते. दरवेळी नवऱ्याले उठवू तरी किती? म्हणून गाडी शिकली.

लर्निंगनंतर ३० दिवस थांबा लागते, मंग पर्मनंटची तारीख भेटते. नेटवाल्या पोरानं पहिली दिसली ते तारीख टाकून देली. घरी येऊन कागद वाचला तं जागा जिल्ह्याची! आमच्या इथून जायलेच अडीच तास. तालुक्याले आरटीओचा कॅम्प लागते, तो आमच्यापासून नऊ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी जाऊन ते तारीख रद्द केली अन् कॅम्पची घेतली. कॅम्पच्या जागा भराभर भरतात, मले तीन आठवडे थांबा लागलं. पण गाडी चालवत कॅम्पले जाणं अन् गाडी घेऊन जिल्ह्याले जाणं यात लय फरक आहे. भाचीची तारीख पक्की करायच्या आधी जागा कोणती लिहिली ते पाह्यजा.

ऑनलाइन सेंटरवाला, अमरावती जिल्हा

मी हेच काम करतो, म्हणून दोन-तीन गोष्टी कळकळीनं सांगतो.

सेंटरवाल्याला अर्जात त्याचा मोबाइल नंबर टाकू देऊ नका. घाई असली की आमच्यातले काही जण स्वतःचाच नंबर टाकतात. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो, तारखेचा मेसेज त्याच्याकडे जातो, आणि तुम्ही दर कामासाठी त्याच्या दारात. मागच्या महिन्यात एक बाबा आले होते. त्यांचा अर्ज भरणारा दुकान बंद करून पुण्याला गेला होता. अर्ज क्रमांक नाही, नंबर नाही. काहीच हाताशी नव्हतं. अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा, जन्मतारखेसोबत तो लागतोच.

दुसरं पैशाचं. खात्यातून कटले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर पेमेंटची स्थिती तपासायची सोय आहे. आमच्याकडे रेंज गेली की हे हमखास होतं. थोडं थांबून तपासलं की बहुतेक वेळा पावती निघते.

आणि आधारवरचं नाव व शाळेच्या टीसीवरचं नाव एकदा शेजारी ठेवून पाहा. एकावर बापाचं नाव मधे, दुसऱ्यावर नाहीच, असं आपल्या भागात फार आहे.

धानाच्या बांधीतून, गोंदिया

लर्निंगची मुदत सहा महिने असते, हे मला माहीत होतं. तरी चुकलो. मे महिन्यात लर्निंग काढलं. जूनची तारीख मिळाली त्या दिवशी नेमके धानाचे परे, म्हणजे रोपं, टाकणं सुरू. मग रोवणी. रोवणीत बांधी सोडून कोण जाईल? मग पोळा, मग कापणी. नोव्हेंबरात पाहिलं तर लर्निंग संपलेलं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा परीक्षा. धानवाल्यांनी लर्निंग जानेवारीत काढावं, उन्हाळ्याच्या आत पर्मनंट होऊन जाते.

सेलूकडची, वर्धा जिल्हा

माझी तारीख बरोबर होती, जागा बरोबर होती, तरी पहिल्या दिवशी परत यावं लागलं.

पहाटे चारला उठून डबा केला, सासूबाईंना औषध दिलं, लहान्याला जावेकडे ठेवलं. दिराची गाडी घेतली. टेस्टला जी गाडी न्याल तिचं आरसी, विमा, पीयूसी लागतं. विमा संपून सात महिने झालेले. घरात कुणाच्याच ध्यानात नव्हतं. गावात गाडी शेतात जाते, बाजारात जाते, विम्याची आठवण कुणाला होते? निरीक्षक साहेबांनी कागद पाहिले आणि शांतपणे सांगितलं, ताई, या गाडीवर टेस्ट होणार नाही. त्यांचं बरोबर होतं. मी बाहेर निंबाखाली बसून रडले. दिवस गेला याचं वाईट वाटलंच, पण घरी काय ऐकावं लागेल याची धाकधूक जास्त होती. ‘बाईनं कशाला गाडी चालवावी’ म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळालं असतं.

दीर चांगला निघाला. त्याच संध्याकाळी विमा भरला, पीयूसी काढली. नवीन तारीख आली तोवर मी रोज अंगणात चुन्यानं आठ आखून त्यावर गाडी फिरवली. टेस्टला आठाच्या आकड्यातच फिरवायची असते आणि पाय टेकायचा नसतो. माझ्या आधीच्या मुलाचा पाय टेकला. तो म्हणाला, आता सात दिवसांनी. नापास झालात तरी घाबरू नका, सात दिवसांनंतर पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा झालं तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

मी पास झाले. लहान्याला मागे बसवून परवा आर्वीला जाऊन आले.

तूरवाला, वाशिम

वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरचा दाखला, फॉर्म १ अ, लागतो. तो न नेता गेलो तर तारीख वाया. आणि जुनं लायसन असलेल्यांनी कपाटातून काढून त्यावरची तारीख आजच पाहावी. मुदत संपण्याआधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष नूतनीकरण होतं. त्यापुढे गेलं की पुन्हा टेस्ट. वडिलांचं असंच गेलं. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस ट्रॅकवर पोरांच्या रांगेत उभा राहिला, ते पाहवलं नाही.

चंद्रपूरकर

पास झाल्यावर कार्ड पोस्टानं येतं, म्हणून पत्त्यात पोस्टाचं गाव, तालुका आणि पिनकोड नीट घाला. आमच्या तालुक्यात एकाच नावाची दोन गावं आहेत, माझं कार्ड त्या दुसऱ्या गावी जाऊन परत गेलं. तोवर मोबाइलवरच्या डिजिलॉकर ॲपमधलं लायसन दाखवलं, ते चालतं.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आशाताई, तुमचं वाचून कॅम्पचीच तारीख घेतली, मंगळवारची आहे. सेलूच्या ताई, तुमचं वाचून स्कूटीच्या विम्याचा कागद काढून पाहिला. विमा आधीच्या मालकाच्या नावावर, आणि पुढच्या आठवड्यातच संपतोय. गाडी भाचीच्या आईच्या नावावर करायचा अर्ज आज भरला. भाचीनं स्वतःच्या नंबरवरूनच भरला. अंगणात चुन्याचा आठ आखून झालाय, कोंबड्या त्यावरून हिंडतायत, आणि ती त्यांना हाकलत फेऱ्या मारतेय.