ऑनलाइन लिलावात नाणी घेताना हात आवरत नाही, तुम्ही काय करता?

फोंडेकार
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून इंडो-पोर्तुगीज, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतली नाणी जमवतो, जास्त करून रुपिया आणि टांगा, आणि परवडलंच तर बझारुक नावाचं जुनं, हलक्या किमतीचं नाणं. आधी हा छंद एकदम सुशेगाद, निवांत होता, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या वस्तूवाला दिसला की त्याच्या डब्यात हात घालायचा, घासाघीस करायची, मिळालं तर मिळालं नाहीतर चणे घेऊन घरी. आता सगळं मोबाईलवर आलंय आणि गंमत अशी की नाण्यापेक्षा लिलावच जास्त आवडायला लागलाय असं वाटतं. कॅटलॉग आला की लॉट, म्हणजे लिलावातले एकेक नग, निवडून ठेवायचे, रात्री जेवताना पण एक डोळा स्क्रीनवर, "तुमच्यापेक्षा वरची बोली लागली आहे" असा मेसेज आला की अंगात काहीतरी संचारतंच, आणि शेवटच्या मिनिटाला जे बटण दाबतो ते ठरवलेल्या रकमेच्या वर असतं. पार्सल येतं तेव्हा मात्र कधीकधी पाकीटसुद्धा लगेच उघडत नाही. घरी बायको म्हणते, कॅसिनोत गेला असतास तर निदान मांडवीची हवा तरी खाल्ली असतीस.
छंद सोडायचा नाहीये, तो सल्ला नको. हे असं का होतं आणि तुम्ही जुने लोक कसं आवरता एवढं सांगा.

दिवचलीकर
फोंडेकारबाब, पहिली गोष्ट म्हणजे ही लिलावाची रचनाच तशी आहे, तुझ्या एकट्याच्या स्वभावाला दोष देऊ नको. आपल्याकडच्या बऱ्याच ऑनलाइन लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली पडली की वेळ आपोआप वाढतो, म्हणजे "संपलं" असं कधी होतच नाही, दोघांपैकी एक जण दमेपर्यंत चालू. ईबेवर उलटं, तिथे घड्याळ संपलं की संपलं, म्हणून तिथे लोक शेवटच्या पाच सेकंदांत बोली टाकतात. दोन्हीकडे छाती धडधडते पण कारण वेगळं.
दुसरं, हॅमरचा आकडा, म्हणजे ज्या बोलीवर लॉट सुटतो तो, हा तुझा आकडा नाहीच. समजा १०,००० ला पडलं, त्यावर लिलाववाल्यांचं प्रीमियम १५ टक्के धर, ११,५०० झाले, मग जीएसटी, मग कुरियर आणि विमा. स्क्रीनवर दहा दिसतात, खिशातून बारा जातात आणि पुढच्या लॉटला आपण परत दहाच्याच हिशोबाने बोलतो. मी कॅटलॉगवर पेन्सिलने सगळं धरून आलेला आकडा लिहितो, प्रॉक्सी बोली टाकतो आणि फोन बायकोकडे देतो. प्रॉक्सीत सिस्टम तुझ्या वतीने एकेक पायरी चढते, समोरचा जिथे थांबला त्याच्या एक पायरी वर तू थांबतोस, पूर्ण रक्कम जातेच असं नाही.

शेवटचा_सेकंद
दिवचलीकर काकांशी असहमत. आधीच प्रॉक्सी टाकली की दुसऱ्यांना कळतं की ह्या लॉटमध्ये कोणीतरी आहे, मग चार जण उगाच टोचून बघतात आणि भाव चढतो. जिथे घड्याळ वाढत नाही तिथे तरी शेवटीच टाकावी.

दिवचलीकर
बरोबर आहे रे, स्वस्तात मिळवायचं असेल तर तसंच कर. पण ह्याचा प्रश्न स्वस्तात कसं मिळेल हा नाहीये. शेवटच्या सेकंदाला थांबायचं म्हणजे तासभर स्क्रीनसमोर बसायचं, आणि जिथे घसरण आहे तिथेच ह्याला उभा करतोयस तू.

पणजीची_मास्तरीण
मी नाणी जमवत नाही, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, माझा भाऊ जमवतो म्हणून इथे वाचते. आमच्याकडे ह्यावर बरंच लिहिलं गेलंय. मार्टिन शुबिकने १९७१ साली एक खेळ मांडला, एका डॉलरचा लिलाव. जास्त बोलीवाल्याला डॉलर मिळतो, पण दुसऱ्या नंबरवाल्यालाही आपली बोली भरावी लागते आणि हातात काही नाही. सुरुवात हसत होते आणि बोली डॉलरच्याही वर जाते, कारण आता प्रत्येकाला जिंकायचं नसतं, गेलेलं वाचवायचं असतं. तुमच्या लिलावात हरणाऱ्याला पैसे भरावे लागत नाहीत हे खरं, पण तो वेळ भरून बसलेला असतो, आणि नाणं मनातल्या मनात अल्बममध्ये लावून झालेलं असतं. मग पाचशे रुपये जास्त देणं हे खरेदी वाटत नाही, आपलंच काहीतरी कोणी हिसकावतंय असं वाटतं.
त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन इंजिनियरांनी लिहिलं होतं की समुद्रातल्या तेलाच्या लिलावात जो जिंकतो तो बहुतेक वेळा ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकलेला तोच असतो. ह्याला विजेत्याचा शाप म्हणतात. पण हे सरसकट नाण्यांना लावू नका. पुढे विकायचं म्हणून घेताय तर शाप लागू, कारण विकताना सगळ्यांना तोच बाजारभाव. तुमच्या मालिकेत तेच एक वर्ष नाहीये म्हणून घेताय तर त्याची किंमत तुमची तुम्हीच ठरवायची, तिथे दोन हजार जास्त गेले म्हणून कोणी मूर्ख होत नाही.
आणि भावाकडे बघून एक सांगते, जिंकलेल्या लॉटपेक्षा थोडक्यात हरलेला लॉट जास्त धोक्याचा. समजा आठ हजार मनाने खर्च होऊन गेलेले असतात, ते परत आले की बक्षीस मिळाल्यासारखे वाटतात आणि पुढच्याच लॉटला, जो कॅटलॉग बघताना नीट पाहिलापण नव्हता, त्याला जातात. न उघडलेली पाकिटं बहुतेक त्यातलीच असणार, तपासून बघा.

फोंडेकार
मॅडम, आत्ता कपाट उघडून बघितलं. हसू येतंय पण तुम्ही म्हणता तसंच आहे. त्यात एक शिवराई पण निघाली, मी शिवराई जमवतच नाही.

रुपियावाला
फोंडेकारा, मला ह्या मानसशास्त्राचा थोडा कंटाळा आहे. माझं मत असं की बोली आवरत नाही कारण वाचन कमी पडतं, राग मानू नको. नाणं नीट कळायला लागलं की नव्वद टक्के लॉट आपोआप नजरेतून उतरतात.
आता रुपियाच घे. १८८१ आणि १८८२ चा पोर्तुगीज राजा दोम लुईशचा चांदीचा रुपिया हा गोव्यात पाडलेलाच नाही, इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या टांकसाळीत पाडलाय, कारण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात चलन इंग्रजी रुपयाशी जोडलं गेलं, ज्या करारातून मुरगावचं बंदर आणि रेल्वे आली तोच हा करार. म्हणून वजन इंग्रजी रुपयाएवढंच, ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. हे माहीत असलं की कॅटलॉगमध्ये १०.९ ग्रॅम वाचल्यावर बोट बटणाकडे जातच नाही. १९४७ चा रुपिया दिसायला तोलामोलाचा, पण त्यात चांदी निम्मीच. आणि १९५८ नंतरचे ३० सेंताव्ह, ६० सेंताव्ह, ३ एस्कुद, ६ एस्कुद असले विचित्र आकडे कशाला? कारण जुन्या एका रुपियाचे सहा एस्कुद धरले होते, आणि एका एस्कुदचे शंभर सेंताव्ह, म्हणजे ६० सेंताव्ह हा रुपियाचा दहावा भाग. ही नाणी गोव्यात कितीतरी घरांत आजीच्या डब्यात पडून आहेत, त्यांना "दुर्मिळ" म्हणून लिलावात चढवलेलं बघितलं की मला हसायला येतं.
एक काम कर, पणजीला पोस्टासमोर जुन्या कासा द मोएदाच्या इमारतीकडे एकदा जा, नुसता बाहेर उभा राहा. जुन्या गोव्यातली टांकसाळ तिथे हलवली होती. माझं तर तिथून सुरू झालं, आणि तेव्हापासून मी एकच काळ धरलाय, राजा लुईश ते राजा कार्लुश, बस्स. कदंबांचं सिंहवालं सोन्याचं नाणं, गद्याण, समोर आलं तरी कौतुकाने बघतो आणि पुढचं पान उलटतो. कक्षा छोटी असली की वर्षभरात कामाचे लॉट मोजकेच येतात, आणि त्यांना जास्त दिले तरी परवडतं.

शेवटचा_सेकंद
रुपियावाले दादा, ज्ञान वाढलं की खर्च कमी होतो हे मात्र पटलं नाही हां. मला आधी एक रुपिया पुरायचा, आता वर्षावर्षाचे आणि छापाछापाचे फरक कळतात तर दोन्ही वर्षांचे हवेत, वर चांगल्या ग्रेडमध्ये, म्हणजे कमी झिजलेले हवेत.

रुपियावाला
हाहा, ते पण खरंच. पण ती तहान आहे, ही खाज आहे.

साखळीकार
मधेच घुसतोय. नवीन लोक हे वाचत असतील म्हणून लिहितो, लिलावाची सवय लागली की माणूस व्हॉट्सॲपवरच्या "तुमचं जुनं नाणं लाखात घेतो, आधी फी भरा" वाल्यांनाही फसतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की असल्या व्यवहारात त्यांचा काही संबंध नाही आणि ते कसलीही फी किंवा कमिशन मागत नाहीत. १९३९ चा जॉर्ज सहाव्याचा रुपया स्वस्तात दिसला तर हात जोडून पुढे जा, तो दुर्मिळ आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे आणि बनावट करणाऱ्यांना तर आधी. आणि शंभर वर्षांवरचं नाणं बाहेरच्या देशात विकून पैसे काढू असं मनात असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचा, खाजगी माणसाला ते बाहेर पाठवता येत नाही. म्हणजे चढ्या भावाने घेतलंत की विकायचं गिऱ्हाईक इथेच शोधायचं, लिस्बनचा भाव बघून बोली लावू नका.

फोंडेकार
सगळ्यांना देव बरें करूं. ठरवलंय असं की हरलेल्या लॉटचे पैसे त्या दिवशी दुसऱ्या लॉटला नाहीत, बोली सगळा खर्च धरून कागदावर, आणि कागद बायकोकडे. ती म्हणाली कागदावर सही पण कर. रुपियावाले दादा, पुढच्या कॅटलॉगमध्ये १८८२ चा एक रुपिया आहे, वजन ११.६४ लिहिलंय, फोटोत कडेला बारीक रेघ दिसते, जोड आहे की काय?

रुपियावाला
वजन ठीक आहे, वापरात एवढं झिजतं. पण कडेची रेघ सगळीकडून सलग फिरत असेल तर साच्यात ओतलेलं असू शकतं, एकाच जागी असेल तर ओरखडा, किंवा कधीतरी दागिन्यात बसवलं होतं त्याची खूण. लिलाववाल्यांना मेल करून कडेचे चार बाजूंचे फोटो माग, चांगले लोक पाठवतात. नाही पाठवले तर सोड, १८८२ चा परत येईल, तो काही एकुलता एक नाही.