शेअर्डप्रेफरन्सेस मॉक करणं बंद करा (वाद घालायला या)

रातपाळीकर
आमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधून लोक आपोआप लॉगआउट व्हायला लागले. लॉगिनचं टोकन (ओळख पटल्याची खूण) आम्ही शेअर्डप्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे फोनवर छोट्या नोंदी जपायच्या अँड्रॉइडच्या सोयीत, ठेवतो. अ‍ॅप बंद करून उघडलं की पुन्हा ओटीपी. टेस्ट सगळ्या हिरव्यागार! कोड बघितला तर एडिट आहे, पुटस्ट्रिंग आहे, पण लिहिलेलं खरंच जपायला लावणारं अप्लायच राहिलंय. टेस्टमधला एडिटर म्हणजे मॉकिटो लायब्ररीचा मॉक (खऱ्याच्या जागी उभा केलेला नकली ऑब्जेक्ट), आणि व्हेरिफाय, म्हणजे ‘ही मेथड बोलावली का’ ही तपासणी, फक्त पुटस्ट्रिंगवर. टोकन खरंच जपलं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. प्लॅटफॉर्मचे क्लास मॉक करूच नका. रोबोलेक्ट्रिक (फोनशिवाय, कंप्युटरवरच अँड्रॉइडचा कोड चालवणारं टूल) लावा, लिहा आणि परत वाचून बघा.

सुपारीफोड
मॉकने काय घोडं मारलंय? व्हेरिफाय अप्लाय, एक ओळ, संपला विषय. रोबोलेक्ट्रिक आमच्या सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणारा सर्व्हर) अँड्रॉइडची जार फाइल उतरवून पहिली टेस्ट सुरू करेपर्यंत माझा चहा होतो.

रातपाळीकर
आणि उद्या कुणी अप्लायच्या जागी कमिट लिहिलं तर? टोकन तेही जपतं. अ‍ॅप ठणठणीत, तुझी टेस्ट लाल.

सुपारीफोड
कमिट मेन थ्रेडवर (स्क्रीन चालवणारा) बोलावलं, तर डिस्कवर लिहून होईपर्यंत तो अडवून धरतं. लाल झाली तर बरंच की!

मधलीसुट्टी
अरे, दोघंही थेट त्या क्लासला का भिडताय? टोकनस्टोअर नावाचा आपला इंटरफेस करा, टोकन ठेवायची आणि वाचायची अशा दोन मेथड पुरे. टेस्टमध्ये त्यामागे हॅशमॅपवाला फेक, म्हणजे टोकन नुसतं मेमरीत ठेवणारा साधा पर्याय. जे आपलं नाही ते मॉक करू नका, हे मॉकिटोवालेच सांगतात.

रातपाळीकर
मान्य. पण मी अप्लाय विसरलो ती ओळ त्या इंटरफेसमागच्या खऱ्या क्लासमध्ये जाणार. तिथे तुझा हॅशमॅप काय कामाचा?

मधलीसुट्टी
त्या एका क्लासला लाव रोबोलेक्ट्रिक. बाकीच्या शेकडो टेस्टना कशाला तो भार? आणि रोबोलेक्ट्रिक म्हणजे तरी खरा फोन नव्हेच.

ग्रेडलग्रस्त
भांडण चालू द्या, पण आधी आपापल्या ग्रेडल फाइलमध्ये (अ‍ॅप बिल्ड करायच्या सेटिंग) रिटर्नडिफॉल्टव्हॅल्यूज ट्रू आहे का बघा. साध्या टेस्टमध्ये अँड्रॉइडची मेथड बोलावली की ‘नॉट मॉक्ड’ची एरर येते; आमच्याकडच्या नव्या पोराने ती घालवायला ते लावलं, की एररऐवजी फॉल्स, शून्य किंवा नल (काहीच नाही) मिळतं. मग स्ट्रिंग रिकामी आहे का सांगणारं टेक्स्टयूटिल्सचं इजएम्प्टी टेस्टमध्ये कशालाही फॉल्स म्हणतं, रिकाम्या स्ट्रिंगलासुद्धा. मोबाइल नंबर कोरा, आणि टेस्ट म्हणते भरलेला! यूआरआय (लिंकसारखा पत्ता) पार्स केला तर नल. एरर ओरडत होती तेच बरं होतं.

रातपाळीकर
बघा, हेच म्हणतोय मी.

सुपारीफोड
हे नाही म्हणत होतास तू. (आमच्याकडे ट्रू आहे. लॉग-डी (लॉग छापायची मेथड) साठी केलं होतं रे. इजएम्प्टी कुठेकुठे आहे ते शोधतोय, एकवीस फाइली निघाल्यात.)