कुडूच्या शिकारीसाठी किती ग्रेनची गोळी घ्यावी?

प्रश्न (कोथरूड)
सप्रेम नमस्कार. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीवर बंदी आली, त्यामुळे माझा सारा अनुभव बालेवाडीच्या रेंजवरचा, म्हणजे पॉइंट-टू-टू या लहान रायफलीच्या चाळीस ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीपुरता आहे. नामिबियात स्थायिक झालेल्या मेहुण्यांनी जूनमध्ये तेथील रीतसर परवान्यावर कुडूच्या, म्हणजे तिकडच्या एका मोठ्या हरणाच्या, शिकारीला बोलावले आहे. रायफल त्यांचीच, थर्टी-ओ-सिक्स. काडतुसे 150, 165, 180 आणि 220 ग्रेनची मिळतात. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो, मग हलकी आणि वेगवान गोळीच सरस ठरू नये काय?

उत्तर 1 (औंध)
सूत्र बरोबर आहे, पण 150 ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण 890 मीटर आणि 180 ग्रेनची 820 मीटर वेगाने निघते, असे धरून गणित केल्यास दोन्हींची ऊर्जा 3,800 ते 3,950 ज्यूलच्या दरम्यान येते. कुडूसाठी तेथील नियमाने किमान 2,700 ज्यूल लागतात; म्हणजे दोन्ही गोळ्या नियमात बसतात. खरा फरक गोळी आत किती खोल जाते यात आहे. व्यास तोच असताना वजन वाढले की गोळी लांब होते आणि हाडामांसात अधिक काळ टिकून पुढे सरकते. कुडूचा नर वजनाने आपल्या सांबराच्या आसपास असतो आणि काटेरी झुडपांत बहुधा तिरका उभा दिसतो, त्यामुळे बरगडीतून शिरलेली गोळी पलीकडच्या खांद्यापर्यंत पोहोचावी लागते. मी 180 घेईन. 220 ग्रेनची गोळी दोनशे मीटरपुढे फार खाली उतरते.

उत्तर 2 (खडकी)
थोडे विषयांतर, पण मौजेचे: जुना तोळा बरोबर 180 ग्रेनचा, आणि मासा 15 ग्रेनचा. म्हणजे आपल्यापुढे दहा मासे, अकरा मासे आणि पुरा तोळा असे पर्याय आहेत. (लक्ष्मी रस्त्यावर आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हा नव्हे.) हा वाद जुनाच आहे, अमेरिकी सैन्याने 1903 मध्ये 220 ग्रेनची बोथट गोळी घेतली आणि 1906 मध्ये 150 ग्रेनच्या टोकदार गोळीकडे वळले. मात्र वजनाआधी गोळीची घडण विचारावी. साधी, मऊ टोकाची हलकी गोळी जवळून हाडावर बसली तर फुटून विखुरते. शिसे आवरणाला पक्के जोडलेली किंवा संपूर्ण तांब्याची 165 ग्रेनची गोळी साध्या 180 चे काम सहज करते.

उत्तर 3 (वानवडी)
वरील दोन्ही मते मान्य आहेत. फक्त पेट्यांची सरमिसळ करू नये. बोत्स्वानात नोकरीला असताना मी 165 च्या गोळीवर रायफलीची दुर्बीण जुळवली आणि दुसऱ्या दिवशी खिशात उरलेले 180 चे काडतूस भरले. गोळी शंभर मीटरवर चार बोटे खाली लागली. नशिबाने समोर पुठ्ठा होता.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मेहुण्यांकडे जोडलेल्या शिशाच्या 180 ग्रेनच्या दोन पेट्या एकाच लॉटच्या आहेत. त्यातली एक दुर्बीण जुळवण्यातच संपवू, असे त्यांना आजच कळवले. तिथे तिपाईवर रायफल टेकवून उभ्याने झाडावे लागते म्हणे, तेव्हा तोवर पॉइंट-टू-टूवर तेवढा सराव करतो.