बिनानोंदणीचा ब्रीडर: तक्रार कुठे करायची?

सक्करदरावाला: गच्चीवर पत्र्याखाली सहा लॅब्राडोर माद्या, महिन्याभराची पिल्लं विक्रीला. तेही मे महिन्याच्या नागपुरी उन्हात! कोणाकडे जावं?

पशुवैद्य: 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, प्रमाणपत्र दर्शनी भागात. 8 आठवड्यांआधी पिल्लू विकता येत नाही. दूध लवकर तोडलं की जुलाब लागतात, प्रतिकारशक्ती ढासळते. प्रजननासाठी मादी किमान 18 महिन्यांची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात 5. माद्यांची सडं लोंबलेली, बरगड्या दिसत असतील तर फोटो जवळून काढा.

वकीलताई: दादा, अर्ज जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसह जोडा. खरं दुखणं हे की 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये. जनावर मारलं किंवा अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लावायला सांगा, तिथे 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

सक्करदरावाला: जप्त कुत्र्यांचा खर्च कोण करणार?

वकीलताई: मालकच. 2017 च्या जप्त प्राणी नियमांखाली न्यायदंडाधिकारी त्याच्याकडून खर्चाच्या हमीचं बंधपत्र घेतात. ही मागणी कोर्टाच्या पहिल्याच तारखेला करा.