मदत हवी आहे: स्वयंसेवक अँब्युलन्स पथकाच्या 'लोसॅप'मधून एक वर्ष गळलं आहे (न्यू जर्सी)

मधुमालती

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतला आहे, पण इथे जर्सी आणि न्यू यॉर्ककडचे बरेच जण वाचतात म्हणून विचारते. जरा मोठं लिहिलं आहे, सांभाळून घ्या.

माझे मिस्टर आमच्या टाउनशिपच्या (म्हणजे गावाच्या) फर्स्ट एड स्क्वॉडमध्ये 2010 पासून ईएमटी, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारे, आहेत. दिवसा नोकरी आणि दर बुधवारी रात्री अँब्युलन्सवर ड्यूटी. शिवाय महिन्याचं ड्रिल, मीटिंगा, आणि दर तीन वर्षांनी सर्टिफिकेटचं नूतनीकरण आलं की त्याचे क्लास. पगार काही नाही. सासूबाई पुण्याहून अजून विचारतात, "रात्री-अपरात्री जातो, तर देतात किती?" त्यांना पटत नाही की इथे आग विझवणारे आणि अँब्युलन्सवाले बऱ्याच गावांत फुकट काम करणारे शेजारीपाजारीच असतात. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात 1736 मध्ये असं स्वयंसेवकांचं अग्निशमन पथक काढलं होतं, तीच रीत चालू आहे. 2020 मध्ये या देशात 10,41,200 अग्निशामक होते आणि त्यातले 6,76,900 स्वयंसेवक.

पण आता माणसं मिळेनाशी झाली आहेत. आमच्याकडचे निम्मे लोक सकाळी गाडी पकडून मॅनहॅटनला जातात, मग मंगळवारी सकाळी अकराला कोणी पडलं तर उचलायला कोण? आलेली माणसं टिकावीत म्हणून अनेक राज्यांत 'लेंग्थ ऑफ सर्व्हिस अवॉर्ड प्रोग्रॅम' आहे, सगळे लोसॅप म्हणतात. पेन्शनसारखं आहे, पण पेन्शन नाही. जर्सीच्या कायद्यात गावाने एका सभासदामागे वर्षाला 100 ते 1,150 डॉलर टाकायचे, असं मूळ ठरलं. वरची मर्यादा महागाईप्रमाणे वाढत आली आहे. गावकऱ्यांनी मतदानात हो म्हटलं तरच योजना सुरू होते. वर्षभरात ठरलेले पॉइंट भरले तर ते वर्ष धरतात आणि पाच वर्षं झाली की पैशावर हक्क पक्का होतो. पॉइंटचं कोष्टक गावागावाचं वेगळं. आमच्याकडे वर्षाला 50 लागतात, आणि रात्रीची ड्यूटी, ड्रिल, मीटिंग यांचा एकेक पॉइंट.

आता अडचण सांगते.

2023 सालचे त्यांचे पॉइंट 46 धरले आहेत. म्हणजे ते वर्ष गेलं. झालं असं की 31 मार्चपर्यंत स्टेशनवर कागदी हजेरीपट होता, 1 एप्रिलपासून अ‍ॅप आलं. पहिल्या तीन महिन्यांचे कागद अ‍ॅपवर चढवलेच नाहीत. इतरांनी आपापले तपासून भरून घेतले. आमच्या ह्यांनी तपासलंच नाही. वर्षाची यादी स्टेशनच्या बोर्डावर तीस दिवस लावतात, ज्याचं नाव नसेल त्याने त्याच मुदतीत टाउनशिपच्या क्लार्ककडे लेखी अपील करायचं. यादी लागली 2024 च्या फेब्रुवारीत, आणि जानेवारी ते मार्च आम्ही पुण्यात होतो. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. परत आल्यावर खात्याचं स्टेटमेंट आलं, त्यात 2023 समोर शून्य.

हे म्हणतात सोडून दे. "मी पैशासाठी जात नव्हतो." मला माहीत आहे ते पैशासाठी जात नव्हते. आमचं गाव वर्षाला हजार डॉलर टाकतं, त्यावाचून आमचं काही अडत नाही. पण त्या कागदावर 2023 समोर शून्य आहे, म्हणजे तो माणूस त्या वर्षी नव्हता असं लिहिलं आहे. आणि तो होता. उशाशी चष्म्याच्या शेजारी पेजर असतो. वाजला की मी जागी होते. दिवा न लावता ते बूट शोधतात आणि गाडी मागे घेताना तिचे दिवे आमच्या छतावरून फिरतात. परत कधी येतात ते कळतं, कारण आधी मोरीत खूप वेळ पाणी वाहतं. कोणाकडे गेले, काय झालं हे चौदा वर्षांत त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही, सांगायचं नसतंच. एकदा फक्त म्हणाले, "आज मराठीत बोलावं लागलं. आजी होत्या, मुलाकडे आलेल्या."

आणि माझ्याकडे पुरावा आहे. आमच्याकडे दर वर्षी पुण्याहून कालनिर्णय येतं. फ्रिजशेजारी टांगलेलं असतं. माझी आई दुधाचा खाडा लिहायची तसं मी त्यावर ह्यांच्या ड्यूट्या लिहिते, कारण त्या रात्री मला दार आतून लावायचं नसतं. ड्यूटीला तारखेभोवती गोल, ड्रिलला 'ड्रि', मीटिंगला 'मी'. मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी मी जुनी कॅलेंडरं टाकत नाही, म्हणून 2023 चं सापडलं. जानेवारी ते मार्च तेरा बुधवार. बारांना गोल आहे, एका बुधवारी ते तापाने आडवे होते. गुढीपाडवा 22 मार्चला होता, बुधवारच, त्यालाही गोल आहे. श्रीखंड मी झाकून ठेवलं होतं. तीन 'ड्रि', दोन 'मी'. बारा, तीन आणि दोन मिळून सतरा. 46 मध्ये 17 मिळवले की 63.

माझे प्रश्न:

अपिलाची मुदत संपली आहे, आता काही करता येतं का? बायकोच्या हातचं मराठी कॅलेंडर कोणी ग्राह्य धरेल का, भाषांतर करून नोटरी करावं लागेल का? आणि पुढेमागे आम्ही पुण्याला परतणार आहोत, तर या पैशावर कर कुठे लागतो?

पथकातली माणसं चांगली आहेत, कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही. चूक दुरुस्त व्हावी एवढंच.

लाँगआयलंडकर

ताई, आधी तुमच्या मिस्टरांना नमस्कार सांगा. मी न्यू यॉर्क राज्यात स्वयंसेवक अग्निशामक आहे, अकरा वर्षं झाली. आमचा कायदा वेगळा, पण सांगाडा तोच. इथे वर्षाला 50 पॉइंट राज्याच्या कायद्यातच लिहिलेत, आणि कशाचे किती पॉइंट जास्तीत जास्त मिळतील तेही: ड्रिलचे 20, मीटिंगचे 20, ट्रेनिंगचे 25, असं. शिवाय आमच्या बऱ्याच डिपार्टमेंटांत खातं नसून दरमहा रक्कम असते, सेवेच्या एकेका वर्षामागे महिन्याला कमाल 30 डॉलर. म्हणजे इथे एक वर्ष गळलं तर ते मरेपर्यंत दर महिन्याला गळतं. त्यामुळे तुम्ही पाठपुरावा करताय ते अगदी बरोबर आहे, 'सोडून दे' ऐकू नका.

मुदतीबद्दल माझं मत सांगतो. तीस दिवस गेले ते गेले, तुमच्या अपिलाला क्लार्क 'उशीर झाला' म्हणू शकते. पण यादी प्रमाणित करून पाठवण्याचं काम पथकाचं आहे आणि ती मंजूर करण्याचं गावाचं. मग पथकालाच सांगा की तुमच्याकडून गेलेली यादी चुकीची होती, सुधारित पाठवा. हजेरीपट अ‍ॅपवर चढला नाही ही नोंदीतली चूक आहे, तुमच्या मिस्टरांचा दावा नाही. आमच्याकडे एका म्हाताऱ्या सभासदाचं वर्ष असंच परत आलं. कॅप्टनने सहीचं पत्र दिलं आणि कमिशनरांनी पुढच्या मीटिंगमध्ये ठराव केला.

कालनिर्णय जोडा, जरूर जोडा, पण पहिला पुरावा म्हणून नको. त्याच्या आधी हे मागा:

कागदी हजेरीपट स्वतः. फेकलेले नसतात, स्टेशनच्या कुठल्या तरी खोक्यात असतात. खोकं उघडायला शनिवारी सकाळी जा, सोबत डोनट न्या.

दुसरं, प्रत्येक कॉलनंतर रुग्णाचा अहवाल संगणकावर भरतात, त्यात क्रूची नावं असतात. तो अहवाल तुम्हाला दाखवता येणार नाही, दाखवूही नये. पण रुग्णाची माहिती वगळून फक्त तारीख, वेळ आणि क्रू एवढी यादी कॅप्टन काढून देऊ शकतो. बारा बुधवारांपैकी ज्या रात्री कॉल झाला त्या सगळ्या तिथेच सिद्ध होतात.

तिसरं, मीटिंगची मिनिट्स. हजर कोण होतं ते सेक्रेटरी लिहितेच.

हे सगळं तुमच्या कॅलेंडरशी जुळलं की कॅलेंडर आपोआप खरं ठरतं. ज्या रात्री एकही कॉल आला नाही, त्या रात्रींसाठीच त्याची खरी गरज लागेल.

हिशेबनीस

कराचं सांगतो, मी न्यू जर्सीत एडिसनला हेच काम करतो. लोसॅप अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम 457(ई)(11) मध्ये बसतं. एका वर्षाच्या सेवेमागे 3,000 डॉलरपर्यंतची मर्यादा होती, 2018 पासून ती 6,000 केली, तेव्हा गावाची रक्कम त्यात सहज बसते. गाव टाकतं तेव्हा कर नाही, तुमच्या हातात येते तेव्हा साधं उत्पन्न म्हणून कर. आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचत खात्यात) वळवता येत नाही, लोक हमखास इथे चुकतात.

अजून एक, जे फार कमी सभासदांना कोणी सांगतं. न्यू जर्सीत हे पैसे खात्यात मिस्टरांच्या नावाने दिसतात, पण हातात पडेपर्यंत कायद्याने ते गावाचेच असतात, आणि गाव कर्जात बुडालं तर गावाच्या देणेकऱ्यांचा त्यावर हक्क पोचतो. घाबरायचं कारण नाही, पण माहीत असू द्या.

पुण्याला परतलात की पहिली दोन-तीन वर्षं बहुधा 'आरएनओआर' (रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही) हा दर्जा मिळेल, त्या काळात बाहेरच्या अशा उत्पन्नावर भारतात सहसा कर नाही. नंतर मात्र भारतात दाखवावं लागेल आणि अमेरिकेत भरलेल्या कराचं क्रेडिट त्यासाठीचा फॉर्म भरून मागावं लागेल. मिस्टर अमेरिकन नागरिक असतील तर इथलं रिटर्न तिथूनही भरायचंच. जमलं तर परतण्याचं वर्ष आणि पैसे घेण्याचं वर्ष आधी जुळवून बघा, आणि त्या वेळी दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सीएला दाखवा.

सह्यवेडा

विषयाला थोडं सोडून लिहितोय, माफ करा. मी पुण्यात असतो, ट्रेकिंग करतो. इथे लोणावळा, महाड, महाबळेश्वरकडची पोरं स्वतःच्या पैशाने दोर घेऊन दरीत उतरतात, पावसात, अंधारात, कोणाच्या तरी मुलाला वर आणायला. त्यांची कुठे यादी लागत नाही की पॉइंट लागत नाहीत. चाळिशीला गुडघे जातात. 'वर्ष धरणं' ही कल्पनाच मला फार आवडली. ताई, तुम्ही त्यांचं वर्ष मिळवाच.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

ह्यांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. सह्यवेडा यांचा वाचल्यावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, चल, खोकं बघू. शनिवारी गेलो. डोनट नेले होते. कॅप्टन तीस-बत्तीसची मुलगी आहे, तिला यांनीच पहिल्या वर्षी स्ट्रेचर कसं धरायचं ते शिकवलं होतं. तिने स्वतः खोकी काढली. जानेवारी आणि फेब्रुवारीचे कागद मिळाले, सगळ्या सह्या आहेत. मार्चचे मिळाले नाहीत. अहवालांतून मार्चच्या तीन रात्री निघाल्या, ड्रिल आणि मीटिंगही मिनिट्समध्ये आहेत. राहिल्या दोन रात्री, 15 आणि 22 मार्च. तेव्हा कॉलच आला नव्हता, म्हणून कुठेच नोंद नाही. त्या दोन धरल्या नाहीत तरी 61 होतात, म्हणजे वर्ष बसतं. पण ती म्हणाली, कॅलेंडर आणा, तेही जोडू, दोन का सोडायच्या? मार्चचं पान तिने किती तरी वेळ निरखून पाहिलं. पाडव्याच्या चौकटीतलं गुढीचं चित्र काय आहे ते विचारलं.

सुधारित यादी तिच्या सहीने क्लार्ककडे गेली आहे. क्लार्क म्हणाल्या की उशिराबद्दल त्या काही ठरवू शकत नाहीत, टाउनशिप कमिटीसमोर ठेवतील. भाषांतर मी केलं, नोटरी नको म्हणाल्या, खाली माझी सही पुरेल.

मीटिंग पुढच्या बुधवारी संध्याकाळी आहे. ह्यांची नेमकी तेव्हाच ड्यूटी होती, ती शुक्रवारी बदलून घेतली. बदली त्यांनी अ‍ॅपवर टाकली आहे, मी बघितलं. आणि शुक्रवारच्या तारखेला गोल केला आहे.

निकाल लागला की इथेच लिहीन.