मदत हवी आहे: रॅमची लाइफटाइम वॉरंटी म्हणजे नक्की कोणाचा लाइफटाइम?

नमस्कार मंडळी,

लांबण लागेल, पण तपशिलाशिवाय कोणाला सल्ला देता यायचा नाही.

मी गोरेगावात घरूनच डीटीपी करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दिवाळीच्या तोंडावर एखाद्या अंकाची पानं. डिसेंबर २०१९ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन पीसी जुळवला. त्यात ८ जीबीच्या दोन स्टिकचा डीडीआर४ रॅमचा किट होता, ५,८०० रुपयांचा. खोक्यावर ठळक अक्षरांत 'लिमिटेड लाइफटाइम वॉरंटी'. दुकानदार म्हणाला होता, "आता आयुष्यभर बघायला नको."

गेल्या महिन्यापासून मशीन मध्येच निळा पडदा टाकून बसायला लागलं. विंडोज नव्याने टाकून झालं, फरक शून्य. मग एका पत्रिकेत नवरदेवाच्या फोटोवर कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवट पट्टे उमटले. आलेला फोटो स्वच्छ होता, मी सेव्ह केलेली फाइल बिघडलेली. मुलीच्या मामांचा फोन आला, "हे डिझाइन आहे का?" तेव्हा कुठे रॅमचा संशय आला.

पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ चालवलं, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून आणि एकेक स्टिक वेगळी लावून. पहिली स्टिक चारही फेऱ्यांत पास. दुसरीला पहिल्याच फेरीत लाल ओळींची रांग. तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, स्लॉट बदलला, तरी लाल ते लालच.

दुकानात गेलो तर तिथे आता सीसीटीव्ही विकतात. मालक तोच. "वॉरंटी कंपनीची, सेंटरला जा." सेंटर अंधेरी पूर्वेला. काउंटरवरच्या मुलाने सिरियल नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "सर, ये मॉडेल ईओएल हो गया. लाइफटाइम मतलब प्रॉडक्ट का लाइफटाइम, आपका नहीं." वर बिल मागितलं.

बिलाची कथा वेगळीच. ते फिकं होत चाललंय म्हणून चार वर्षांपूर्वी बाबांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं. थर्मल कागद तो, गरम रुळांमधून गेला आणि आख्खा काळा ठिक्कर पडला. बाबांनी तरीही फाइलला लावून ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवून: 'रॅमचे बिल'.

तर मॉडेल ईओएल, म्हणजे बंद, झालं म्हणून वॉरंटी संपते का? आणि या काळ्या पाटीशिवाय खरेदी सिद्ध कशी करायची? नवीन रॅमचे भाव बघितले आणि टॅब बंद केला.

खिळेजुळारी

—

ग्रँटरोडकर: पहिली गोष्ट, खराब स्टिक एकटी घेऊन जाऊ नका. किट म्हणून घेतलेल्या स्टिक बहुतेक कंपन्या जोडीनेच मागतात. एकच दिलीत तर ती परत पाठवतील आणि तुमचे पंधरा दिवस जातील. स्टिकवरचा स्टिकर सोलू नका, तो फाटला की वॉरंटी गेली. देण्याआधी दोन्ही सिरियल नंबरांचे फोटो काढा, मेमटेस्टच्या लाल स्क्रीनचाही.

खोकं आहे ना अजून? त्यावर आयातदाराचा स्टिकर शोधा. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापावाच लागतो. काउंटरच्या पोराशी वाद घालून काही हाती लागत नाही, त्याला स्क्रीनवर दिसतं तेवढंच तो बोलतो. त्या पत्त्यावर मेल टाका.

—

आकडेमोड: बिलाचं सोपं आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदाराला हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तुमची खरेदी २०१९-२० मधली. त्या वर्षाच्या विवरणपत्राची मुदत डिसेंबर २०२० ची होती, नंतर ती वाढलीही. म्हणजे २०२६ मध्येही तुमचं बिल त्याच्या दप्तरात असायला हवं. आता सीसीटीव्ही विकतो म्हणून जुना हिशेब पुसला जात नाही. गर्दी नसताना, दुपारी जा. तारीख आणि रक्कम सांगितलीत तर संगणकातून डुप्लिकेट काढायला त्याला पाच मिनिटं लागतील. कार्डाने पैसे दिले होते का? मग बँकेचं स्टेटमेंट जोडीला लावा.

आणि थर्मल बिल हातात पडलं की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो. लॅमिनेशन नाही!

—

खिळेजुळारी: बाबांना वाचून दाखवलं. "मला तेव्हाच सांगायचं होतं," म्हणाले.

पैसे डेबिट कार्डाने दिले होते, नोंद सापडली. पण ईओएलचं काय?

—

दुसरी_बाजू: कंपनीची बाजूही ऐका. 'लिमिटेड लाइफटाइम' याचा अर्थ प्रत्येक कंपनी वेगळा लावते. कुठे मूळ ग्राहकाकडे वस्तू आहे तोवर, कुठे मॉडेल बाजारात आहे तोवर, तर कुठे देशागणिक वर्षांचा आकडा ठरलेला. ही व्याख्या वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरांत असते. तुमच्या कागदात 'मॉडेल बाजारात असेपर्यंत' असं लिहिलं असेल तर पोरगा बरोबर आहे.

मात्र तुम्हाला लागू होणार त्या खरेदीच्या वेळच्या अटी, आज वेबसाइटवर आहेत त्या नव्हेत. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या साठ्यात कंपनीच्या वॉरंटी पानाची २०१९ अखेरची प्रत मिळते का बघा. खोक्यातली घडीची पत्रिका सापडली तर सोन्याहून पिवळं.

—

खिळेजुळारी: सापडली! मदरबोर्डच्या खोक्यात होती. त्यात मॉडेल बंद होण्याबद्दल एक अक्षर नाही. उलट लिहिलंय की तेच मॉडेल नसेल तर समकक्ष बदली देऊ किंवा पैसे परत करू, आणि यातलं काय ते कंपनी ठरवणार.

—

ग्रँटरोडकर: मग ईओएलचा मुद्दा मिटला. पण ते 'किंवा पैसे परत' जपून. वापराचा घसारा कापून बिलाच्या रकमेतले काही हातावर ठेवले, तर आजच्या भावात त्यात १६ जीबी येणार नाही. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी पळवल्यापासून भाव कुठल्या कुठे गेलेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशल ब्रँडचा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं, वॉरंटी मात्र पुढेही सांभाळू म्हणाले. तर मेलमध्ये पहिल्या ओळीतच 'समकक्ष बदली हवी' असं लिहा.

—

वांद्रे_पूर्व: नकार तोंडी घेऊ नका, मेलवर मागा. लेखी द्यायचं म्हटलं की निम्मे नकार तिथेच विरघळतात. तरी नाही म्हणाले तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते.

—

दुसरी_बाजू: पण हे धंद्यासाठी वापरतात ना रॅम? मग 'ग्राहक' कसे?

—

वांद्रे_पूर्व: चांगला प्रश्न. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत, कलम २(७) चं स्पष्टीकरण वाचा. घरी बसून एकट्याने पत्रिका करणारा माणूस त्यात बसतो. दहा माणसं ठेवून प्रेस चालवत असते तर गोष्ट वेगळी. बिल कोणाच्या नावावर आहे?

—

खिळेजुळारी: माझ्याच. डुप्लिकेट मिळालं, मालकाने चहाही पाजला.

आयातदाराला पत्रिकेचा फोटो आणि बिल जोडून मेल केला, 'समकक्ष बदली' पहिल्याच ओळीत. चौथ्या दिवशी आरएमए (माल परत घ्यायच्या मंजुरीचा) नंबर आला. आज दोन्ही स्टिक अंधेरीला देऊन आलो. पोरगा तोच होता, काही बोलला नाही. पावतीवर त्याने 'रॅम: १ नग' लिहिलं होतं, तिथेच उभं राहून २ करून घेतलं आणि शिक्का मारायला लावला.

सध्या भाच्याच्या जुन्या पीसीची ४ जीबीची स्टिक लावून काम चालू आहे. पत्रिका उघडायला लावतो आणि तेवढ्यात आंघोळ उरकून येतो.